डोळ्यांवर घेतलेली लिफ्ट

आमच्या कचेरीत वजीहइतका व्यवस्थित माणूस दुसरा नव्हता, आणि म्हणूनच सगळे आपापले चहाचे ग्लास त्याच्या टेबलावर ठेवून जात. रिकामी जागा तेवढीच होती. अलेक्झांड्रियाच्या बंदरात आलेला परदेशी माल जकातीतून सोडवून देणं हा आमचा धंदा. त्यामुळे बाकीच्या टेबलांवर जकातीचे कागद, त्यांवर फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या, सँडविचचे तेलकट कागद आणि त्यांवर पुन्हा जकातीचे कागद, असे जुन्या शहरासारखे थर साचलेले. वजीहच्या टेबलावर फक्त एक फोन. त्या फोनमध्ये त्याचा सगळा संसार होता, बायको सोडून. ती मिळवायचं काम त्याने कधीतरी लिहून ठेवलं असणार, पण कोणत्या फाइलीत, हे मी विचारलं नाही.

फाइलींचं असं होतं. फोनमध्ये एक ॲप, ॲपमध्ये चार फाइली: कचेरी, घर, इमारत आणि आई. प्रत्येक फाइलीत कामांची उतरंड. एक चांदणी म्हणजे मोठं काम, दोन चांदण्या म्हणजे त्याच्या पोटातलं काम, तीन चांदण्या म्हणजे पोटातल्याच्या पोटातलं. आमच्या ओळखीत एक निवृत्त जनरल आहेत, त्यांच्या खांद्यावर उभ्या आयुष्यात आल्या नसतील एवढ्या चांदण्या वजीहच्या एका मंगळवारात असत. रोज सकाळी ते ॲप चारही फाइली पालथ्या घालून त्या दिवसापुरतं जे असेल ते एका पानावर आणून ठेवी. "आईचं रक्तदाबाचं औषध" आणि "तुर्की फरशांचा कंटेनर" शेजारी शेजारी, जणू एकाच बोटीतून उतरलेले. काम झालं की वजीह त्यावर अंगठा फिरवायचा आणि ते पानावरून नाहीसं व्हायचं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी फक्त भरपेट जेवलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

आम्ही त्याची टिंगल करायचो हे खरं, पण कचेरी चालायची ती त्याच्यामुळेच. कोणता शिक्का आधी आणि कोणता नंतर, कोणत्या साहेबाच्या सहीवाचून कोणता साहेब पेन उचलत नाही, हे सगळं त्याच्या चांदण्यांमध्ये नीट बसलेलं असे. कारण बंदरात एक गोष्ट चांगली आहे. तिथे कुणी कुणाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. कागद दिला की पोच घ्यायची, पोच मिळाली की काम पुढच्याचं. घोटाळा झाला तो वजीहने हीच रीत घरी नेली तेव्हा. घरी पोच नसते.

आमच्याकडे कुणाला काम सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "माझ्या डोळ्यांवर." फारच जवळचा असेल तर, "माझ्या दोन्ही डोळ्यांवर." हे शब्द बूट चढवता चढवता म्हटलेले असतील तर काम होतं. चहाचा घोट घेत म्हटलेले असतील तर तो नुसता सलाम असतो, आपणही सलाम करून निघावं. हे आमच्याकडे अंगणातल्या पोरांनाही कळतं. वजीहला कळत नव्हतं. त्याच्या ॲपमध्ये आधी कामाच्या दोनच अवस्था होत्या, "करायचं" आणि "झालं." मग त्याला शोध लागला की मधली एखादी अवस्था आपल्या मनाने घालता येते. त्याने घातली: "डोळ्यांवर." कुणी तसं म्हणालं की वजीह तिथल्या तिथे फोन काढी, त्या कामाची अवस्था बदली, शेजारी त्या माणसाचं नाव लिही आणि ते काम त्याच्या रोजच्या पानावरून निघून जाई. आता ते दुसऱ्याचं होतं ना.

मी त्याला एकदा समजावलं होतं. म्हटलं, "वजीह, हे उत्तर नाही रे, हा सलाम आहे."

तो म्हणाला, "म्हणजे माणसं माझ्याशी खोटं बोलतात, असं तुझं म्हणणं आहे, हिलमी?"

"खोटं नाही. प्रेमाने बोलतात."

"मग झालं तर," असं म्हणून त्याने पुढच्या कामावर अंगठा फिरवला.

वजीह कँप सीझरला एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर आईबरोबर राहायचा. आईचं नाव फिक्रिया. अंगाने भरलेली, गुडघ्यांनी गेलेली आणि जिभेने शाबूत. मुलाच्या फाइलींवर तिचा भारी राग. मी गेलो की म्हणायची, "ये हिलमी, बस. हा मला गोळी देताना फोनला विचारतो. एकदा त्यालाच विचारायला सांग, तुझी आई बरी आहे का म्हणून." वजीह हसायचा आणि गोळी द्यायचा. वेळेवर द्यायचा, हेही सांगितलं पाहिजे. तिची एक गोळी कधी चुकली नाही. तिच्या फाइलीत तिच्या चष्म्याचा नंबर होता, तिला न चालणाऱ्या भाज्या होत्या आणि तिच्या प्रत्येक डॉक्टरच्या स्वभावावर एकेक ओळ होती.

फिक्रियाची धाकटी बहीण इन्साफ बाकोसला तळमजल्यावर राहायची. विधवा. मुलं आखातात. टॅक्सीने गेलं तर एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आत पोचावं, एवढंच अंतर. दर शुक्रवारी फिक्रिया लिफ्टने खाली यायची आणि बहिणीकडे जेवायला जायची. तिथे दोघी मिळून द्राक्षाच्या पानांत भात भरायच्या आणि ही कृती आईने खरी कुणाला शिकवली यावरून भांडायच्या. संध्याकाळी फिक्रिया रागावून परत यायची आणि शनिवारी सकाळी फोन करून भांडण पुढे चालवायची. दोघींची तब्येत या भांडणावर चालली होती असं माझं मत आहे.

मग लिफ्ट बंद पडली. लाकडी कपाटासारखी जुनी लिफ्ट, लोखंडी जाळीचं दार. दंतवैद्य रअफतच्या घरची कांद्याची पेटी दारवान शहाताने आत ठेवून बटण दाबलं, आणि ती चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये जी थांबली ती थांबलीच. पुढे कितीतरी दिवस जिन्याला कांद्याचा वास होता.

इमारतीच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस वजीहच. दुसरं कुणी होणार? त्याने त्याच संध्याकाळी "इमारत" फाइलीत एक चांदणी टाकली: लिफ्ट. तिच्या पोटात कामं पाडली. चांगला कारागीर रअफतच्या ओळखीचा होता, त्याच्या दाढा रअफतनेच काढलेल्या. मंडळाचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त जनरल ममदूह, त्यांच्या सहीवाचून मंडळाच्या खात्यातला पैसा हलत नाही. मोटारचा जुना भाग कुठे मिळेल हे शहाताच्या मेहुण्याला ठाऊक. वजीह जिना चढत-उतरत तिघांकडे गेला. रअफत म्हणाला, माझ्या डोळ्यांवर. शहाता म्हणाला, माझ्या डोळ्यांवर आणि डोक्यावर. जनरलसाहेबांनी तर वजीहला बसवून लिंबाचं सरबत पाजलं, आपल्या काळी फौजेत कामं कशी चुटकीसरशी व्हायची ते सांगितलं आणि मग म्हणाले, माझ्या दोन्ही डोळ्यांवर, बेटा.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वजीहने मला फोन दाखवला. लिफ्ट पानावर नव्हती. मी म्हटलं, दुरुस्त झाली का? तो म्हणाला, नाही, पण आता ती माझ्याकडे नाही.

फिक्रियाने पहिल्या शुक्रवारी विचारलं, दुसऱ्या शुक्रवारी विचारलं. मग हिवाळा लागला तेव्हा विचारायची सोडली आणि फोनवरच काम भागवू लागली. दोघी बहिणी सकाळी फोनवर इतक्या मोठ्याने बोलायच्या की सातव्या मजल्यावर आज काय शिजणार हे पाचव्यावर कळायचं. पण भांडण फोनवर रंगत नाही. पानं हातात लागतात. शिवाय इन्साफलाही जिना बंद होता, तिचं हृदय डॉक्टरांनी एका मजल्यापुरतंच मंजूर केलं होतं. त्या दोघींनी परत एकदा समोरासमोर बसायचं, एवढीच मागणी होती. जग मागितलं नव्हतं.

शहातानेच एकदा सुचवलं की हात असलेल्या मजबूत खुर्चीत बसवून दोघा तगड्या माणसांनी खाली न्यावं. फिक्रिया भडकली. "मी काय कपाट आहे? नवरी होऊन या जिन्याने वर आले मी, आणि आता फर्निचर होऊन खाली जाऊ?" विषय तिथेच संपला. पण थंडीत एकदा इन्साफला दम लागून रात्र बसून काढावी लागली. ते ऐकल्यावर फिक्रिया वजीहला म्हणाली, "या शुक्रवारी मला न्या. खुर्चीत न्या नाहीतर पोत्यात घालून न्या. लाज गेली तर जाऊ दे."

वजीहने मन लावून काम केलं, यात मला आजही शंका नाही. "आई" फाइलीत चांदणी टाकली: आईला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, नेणे. पोटात तीन कामं. हातांची खुर्ची रअफतच्या दवाखान्यातून. उचलायला जनरलसाहेबांचे दोन मुलगे, दोघेही व्यायाम करून बैलासारखे झालेले. नमाजानंतर दारात टॅक्सी उभी करायचं काम शहाताकडे. रअफत, जनरलसाहेब, शहाता, तिघांनाही तो जातीने भेटला. तिघांनीही डोळे पुढे केले. आणि ॲपची रीत अशी की पोटातली सगळी कामं दुसऱ्यांकडे गेली की वरचं मोठं कामही गप्प बसतं.

शुक्रवारी नमाज आटोपून मी आणि वजीह त्याच्या इमारतीसमोरच्या कॅफेत बसलो. त्याने मला फोन दाखवला. पान कोरं होतं. पूर्ण कोरं, वाळवंटासारखं. म्हणाला, "हिलमी, असा शुक्रवार मला कधी मिळाला नव्हता."

मी विचारलं, खुर्ची वर पोचली का? तो म्हणाला, पोचली असेल. मी म्हटलं, जा ना, बघून ये. तर म्हणे, "आपण जाऊन चौकशी केली की त्यांना वाटणार, याचा आपल्यावर विश्वास नाही. माणसं दुखावतात." हेही काही खोटं नव्हतं. आमच्याकडे दुखावतात. मग आम्ही पुदिन्याचा चहा पीत इमारतीच्या दाराकडे बघत बसलो, जसं काही बोट धक्क्याला लागायची वाट बघतोय. टॅक्सी आली नाही. दुसरा चहा आला.

इन्साफखालाचा फोन वजीहला आला. जेवण गार होतंय, आणि फिक्रिया फोन उचलत नाहीये.

आम्ही जिना चढलो. मी पाचव्यापर्यंत माणूस होतो, पुढे नुसता श्वास. वाटेत तिसऱ्या मजल्यावर जनरलसाहेबांच्या दाराला बाहेरून कुलूप. घरचे सगळे मोकळी हवा खायला अगमीच्या किनाऱ्यावर गेले होते. रअफतचा दवाखाना शुक्रवारी बंद, हे तर पाटीवरच लिहिलेलं होतं, आणि खुर्च्या दवाखान्याच्या आत. शहाता गावी गेला होता, भाच्याचा साखरपुडा होता.

सातव्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीसमोर बूट घालायच्या ठेंगण्या स्टुलावर फिक्रिया बसली होती. तपकिरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोक्याला चांगला रुमाल. मांडीवर पिठीसाखरेच्या बिस्किटांचा डबा, वर्तमानपत्रात बांधलेला. नमाजाची बांग झाल्यापासून ती तिथे होती, कारण मुलं आली की त्यांना थांबावं लागू नये. फोन आत वाजत होता आणि एकदा बसल्यावर तिला कुणाच्या हाताशिवाय उठता येत नव्हतं.

वजीह काहीतरी बोलायला गेला. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या त्या फोनात बघ, बाळा, मी कुठे आहे ते."

आणि त्याने खरोखर फोन काढला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याने फाइल उघडली, चांदणीखालची चांदणी उघडली आणि उभ्या उभ्या वाचत राहिला.

मी म्हटलं, आपण दोघं नेऊ. स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. माझं पोट आणि वजीहची पाठ, अशी आमची फौज. फिक्रियाला बसवलं, उचललं, आणि पहिल्या वळणावरच माझा पाय घसरला. खुर्ची कलली, तिने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि डबा गडगडत खाली गेला. कुणाला लागलं नाही. पण तिचा हात कठड्यावरून सुटेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग ती आमच्या खांद्यांवर भार टाकत, एकेका पायरीवर थांबत वर परत गेली. कोट काढला, हँगरला लावला, कपाटात ठेवला आणि म्हणाली, "इन्साफला सांग, जेवून घे."

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. वजीहने कामं परत आपल्याकडे घेतली, तारखा घातल्या, तारखा पुढे ढकलल्या. एकदा जनरलसाहेबांचे मुलगे खरंच वर आले, पण फिक्रिया म्हणाली, आज माझे गुडघे दुखतायत, चहा घ्या. तिने त्यांना बिस्किटं दिली आणि त्यांच्या व्यायामाची चौकशी केली. ते खाली उतरताना म्हणाले, किती गोड बाई आहे.

हिवाळी वादळांच्या दिवसांत, समुद्र रस्त्यावर येत होता तेव्हा, ती पहाटे झोपेतच गेली.

मी बातमी कळताच निघालो, पण मी पोचेपर्यंत जिना भरला होता. आमच्या लोकांना काही सांगावं लागत नाही अशा वेळी. जनरलसाहेब घरच्या सपातांवर, डोळे पुसत, सगळ्यांना वाट करून देत होते. रअफतने दवाखाना बंद करून दोन पेशंट तोंड उघडे ठेवून घरी पाठवले होते. शहाता जिन्यावरचं पाणी पुसत होता, कुणी घसरू नये म्हणून. आणि इन्साफखाला वर होती.

तिला कुणी आणलं असं मी विचारलं. कुणालाच नीट सांगता येईना, कारण कुणी ठरवलंच नव्हतं. शहाता टॅक्सी घेऊन बाकोसला गेला, रअफतने दवाखान्यातली हातांची खुर्ची दारात आणून ठेवली, जनरलसाहेबांच्या मुलांनी ती खुर्ची इन्साफसकट उचलली आणि एका दमात सातव्या मजल्यावर नेली. जनरलसाहेब मागून तिची शाल धरून चढत होते, जिन्यात अडकू नये म्हणून. कुठेही कुणी डोळ्यांचं नाव काढलं नाही.

इन्साफ बहिणीच्या उशाशी बसली होती. बायकांचं रडणं चाललं होतं, ती रडत नव्हती. म्हणाली, "फिक्रिया, मी आले गं. जेवण नाही आणलं." आणि मग बराच वेळ पानं भरायच्या कृतीबद्दल पुटपुटत राहिली. आईने तुलाच शिकवली होती, असं काहीतरी.

जनाजा निघाला तेव्हा खांदा द्यायला एवढी गर्दी की मला शेवटपर्यंत जागा मिळाली नाही. तो अवघड जिना. पण प्रत्येक वळणावर न सांगता पुढचे वाकत होते, मागचे हात उंच करत होते, जनाजा कठड्यावरून अलगद पलीकडे जात होता. फिक्रिया कुठे टेकली नाही, कुठे कलली नाही. मी मागून चालत होतो आणि मनात येत होतं, किती सुंदर काम करतात ही माणसं. आणि त्याच वेळी वाटत होतं, एकेकाची मानगूट धरून विचारावं. विचारलं नाही. वजीह पुढे होता. त्याच्या हातात फोन नव्हता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

मशिदीतून कबरस्तान, कबरस्तानातून जो तो आपापल्या घरी. संध्याकाळी वर कुराणपठण आणि बिनसाखरेची कॉफी. माणसं आली आणि गेली. इन्साफ घरी जायला निघाली तेव्हा खुर्ची दवाखान्यात परत गेलेली होती आणि जनरलसाहेबांचे मुलगे कुठेतरी बाहेर होते. जो तो तिला म्हणाला, उद्या नेऊ, खाला, माझ्या डोळ्यांवर.

ती अजून तिथेच आहे. फिक्रियाच्या पलंगावर झोपते, तिचीच शाल घेते. बाकोसचं घर बंद आहे, तुळशीसारखं काही होतं कुंडीत ते शेजारीण पाणी घालून जगवते म्हणे. वजीहने ॲपमधून "डोळ्यांवर" ही अवस्था काढून टाकली आहे. आता सगळी कामं त्याच्या एकट्याच्या नावावर, रोजचं पान बोटाने कितीही ओढलं तरी तळ लागत नाही. कचेरीत तो ते पान ओढत बसतो. परवा इटालियन यंत्रांचा कंटेनर चुकला, आयुष्यात पहिल्यांदा. साहेब रागावले तेव्हा तो म्हणाला, हो, लिहिलेलं होतं. लिफ्ट जिथल्या तिथे आहे.

ईदच्या आधी मी संत्री घेऊन भेटायला गेलो. इन्साफखाला बाल्कनीत बसली होती. माणूस जे म्हणतो तेच मी म्हटलं, की खाला, काळजी करू नका, ईदपर्यंत तुम्हाला घरी पोचवू.

तिने माझ्याकडे बघितलं. "घाई नको करूस, हिलमी," ती म्हणाली. "या इमारतीतून बायकांना खाली कसं नेतात ते मी पाहिलंय. फार नीट नेतात."

आणि एक संत्रं घेऊन सोलायला लागली.